विसार आज, बोट पुढच्या वर्षी : मधल्या महिन्यांचा विमा

मुंबईच्या आणि कोकणच्या माणसाला बोटीचा प्रवास नवा नाही. हज यात्रेकरूंची जहाजे १९९५ पर्यंत मुंबई बंदरातून जिद्दाला जात होती. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आजही तरुण परदेशी जहाजांवर नोकरीला जातात. फरक एवढाच, की पूर्वी बोटीत बसणे ही गरज होती आणि आता हौसेने बोटीत बसणारे वाढले आहेत. रंग, सिमेंट, टाइल्स अशा मालाच्या कंपन्या विक्रीचे लक्ष्य गाठणाऱ्या दुकानदारांना सहलीला नेतात, त्यात आता क्रूझही असते. आखातात, इंग्लंडात, अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आईवडिलांना सोबत घेऊन युरोपच्या समुद्रात फिरण्याचे बेत आखतात. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारी क्रूझही २०२१ पासून सुरू आहे.

या सहलींचा एक विशेष आहे. त्यांची जागा फार आधी धरावी लागते. मोठ्या क्रूझ कंपन्या वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षे आधी नोंदणी खुली करतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जानेवारी ते मार्च हा या नोंदणीचा हंगामच मानला जातो. लवकर येणाऱ्याला सवलत, चांगली खोली, वर काही भेटी असे आमिष असते. ग्राहक विसार भरतो, पावती कपाटात ठेवतो आणि विम्याचा विचार निघण्याच्या आठवड्यात करू असे म्हणतो.

आमचे म्हणणे आहे की नेमके येथेच नुकसानीचे बी पेरले जाते. जोखीम बोट सुटण्याच्या दिवशी सुरू होत नाही. ती विसार दिला त्या दिवशी सुरू होते.

सौदा आणि सुतार

आमच्या कारागीर बंधूंना हे समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नाच्या फर्निचरची ऑर्डर देणारा गिऱ्हाईक सुताराकडे बयाणा ठेवतो. सुतार त्या भरवशावर लाकूड आणतो, माणूस लावतो. लग्न मोडले तर बयाणा परत मिळत नाही आणि गिऱ्हाईकही तो मागत नाही. क्रूझ कंपनी आपल्याशी तोच व्यवहार करते, फक्त तिच्या शर्ती बारीक अक्षरांत छापलेल्या असतात.

व्यापारी बंधूंना दुसरे उदाहरण देतो. माल ट्रकमध्ये किंवा जहाजात चढवला की आपण वाहतुकीचा विमा उतरवतो, कारण जोखीम मालाच्या प्रवासात असते. क्रूझच्या बाबतीत मात्र प्रवास आठ-दहा दिवसांचा आणि त्याआधीची वाट पंधरा महिन्यांची. या पंधरा महिन्यांत घरात आजारपण येऊ शकते, व्हिसा नाकारला जाऊ शकतो, कंपनी बुडू शकते, एखाद्या समुद्रात युद्ध भडकू शकते. आठ दिवसांच्या प्रवासाची काळजी करून पंधरा महिन्यांची वाट उघडी ठेवणे हा व्यापारी हिशेब नव्हे.

प्रवास विम्याच्या पूर्ण पॉलिसीचे मुळात दोन भाग असतात. पहिला भाग सहल रद्द करावी लागली तर बुडणाऱ्या पैशांचा. तो पॉलिसी घेतल्यावर लगेच, साधारणपणे दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. दुसरा भाग प्रवासातील आजार, अपघात, हरवलेले सामान यांचा. तो घरातून निघाल्यावर लागू होतो. निघण्याच्या आठवड्यात पॉलिसी घेणारा दुसरा भाग पूर्ण वापरतो, पण पहिल्या भागाचे जवळजवळ सगळे महिने वाया घालवतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पॉलिसींचा हप्ता प्रवासाचा खर्च, प्रवाशाचे वय आणि प्रवासाचे दिवस यांवरून ठरतो. पॉलिसी किती आधी घेतली यावर सहसा ठरत नाही. तेथे उशीर केल्याने सहसा काहीच वाचत नाही.

चार तारखा वहीत लिहा

समजा, भिवंडीचा एक कारखानदार पत्नी आणि वृद्ध आईवडील यांच्यासह चौघांची सहल ठरवतो. बोट बार्सिलोनाहून सुटणार, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला. चौघांचे मिळून भाडे ८ लाख रुपये. नोंदणी या वर्षीच्या मे महिन्यात, विसार १ लाख, आणि शर्तीप्रमाणे हा विसार परत न मिळणारा. आता वहीत चार तारखा लिहाव्या लागतात.

पहिली तारीख विसाराची. त्या दिवसापासून १ लाख रुपये अडकले.

दुसरी तारीख व्हिसाची. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी घेतला जात नाही. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत व्हिसाबद्दल काहीच सांगता येणार नाही. अर्जाचा निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्यात गर्दी असते, अर्ज देण्याची वेळही चटकन मिळत नाही.

तिसरी तारीख पूर्ण रक्कम भरण्याची. ती कंपनीप्रमाणे आणि सहलीच्या लांबीप्रमाणे बदलते. आपल्या उदाहरणात ती ९० दिवस आधी, म्हणजे मेच्या मध्यास धरू. त्या दिवशी उरलेले ७ लाख जातात.

चौथी तारीख बोट सुटण्याची. तिसऱ्या आणि चौथ्या तारखेच्या मध्ये सहल रद्द केली तर कापली जाणारी रक्कम पायरी-पायरीने वाढत जाते. आधी विसार, मग निम्मे भाडे, मग पाऊण, आणि बहुतेक कंपन्यांत शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत सगळेच.

हा आराखडा समोर ठेवला की दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. एक, फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचे तीन महिने हाच व्हिसा मिळवण्याचा काळ आहे. व्हिसा हातात येण्यापूर्वी ७ लाख भरणे म्हणजे चेक वटण्यापूर्वी माल सोडणे. दोन, बुडू शकणारी रक्कम प्रत्येक टप्प्यावर वेगळी आहे. मेपर्यंत १ लाखाची जोखीम, जुलैअखेर ८ लाखांची. विम्याची रक्कमही त्याच मापाने ठरवावी. पहिल्या दिवशी फक्त परत न मिळणाऱ्या रकमेचा विमा आणि पुढे भरणा वाढेल तशी विम्याची रक्कम वाढवणे, ही सोय अनेक पॉलिसींत असते. वाढलेली रक्कम किती दिवसांत कळवायची हे मात्र आधी विचारून घ्यावे.

विमानाच्या तिकिटांचाही हिशेब याच वहीत ठेवावा. बोटीच्या विसारापेक्षा परत न मिळणारी विमानाची तिकिटे कित्येकदा जास्त पैसे अडकवून ठेवतात.

पहिले १४ ते २१ दिवस

क्रूझचा बाजार सर्वांत मोठा अमेरिकेत आहे आणि आधी नोंदणी, मग विमा हा व्यवहारही तेथे सर्वांत घोटलेला आहे. म्हणून तेथील नियम समजून घेणे उपयोगाचे. अमेरिकेतील अनेक पॉलिसींत काही सवलती फक्त लवकर येणाऱ्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. पहिला विसार दिल्यापासून १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतली, सहलीच्या परत न मिळणाऱ्या संपूर्ण रकमेचा विमा उतरवला आणि पॉलिसी घेताना प्रवासी प्रवासास योग्य प्रकृतीचा असला, तर जुन्या आजारामुळे दावा नाकारण्याची अट कंपनी सोडून देते. ही मुदत चुकली की कंपनी मागे वळून पाहते. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ६० ते १८० दिवसांत एखाद्या आजारावर उपचार झाले होते का, औषध बदलले होते का, हे तपासले जाते आणि तसे आढळल्यास त्या आजारामुळे होणारा दावा नाकारला जातो.

त्याच मुदतीत तेथे आणखी एक कलम जोडून घेता येते. कोणतेही कारण न देता सहल रद्द करण्याचे. त्यासाठी हप्ता बराच वाढतो, परतावा पूर्ण नसतो, साधारण ५० ते ७५ टक्के मिळतो, आणि निघण्याच्या किमान दोन दिवस आधी सहल रद्द करावी लागते. ज्याचा धंदा केव्हा अडवेल याचा नेम नाही, त्याच्यासाठी हे कलम महाग असले तरी विचार करण्याजोगे आहे.

येथे एक सावधगिरी. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने स्वतःसाठी घेतलेली पॉलिसी भारतात राहणाऱ्या आईवडिलांना आपोआप लागू होत नाही. प्रवास विमा साधारणपणे ज्या देशात प्रवासी राहतो त्या देशातून घ्यावा लागतो. भारतात राहणाऱ्याने तो भारतातील कंपनीकडून आणि देश सोडण्यापूर्वीच घ्यावा. एकाच बोटीत बसणाऱ्या एकाच कुटुंबाच्या दोन देशांतील दोन पॉलिसी, दोन वेगळ्या शर्ती, असे होऊ शकते. त्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

आपल्याकडील अडचण आणि तोड

आपल्याकडे दुकानातून सहज मिळणारी परदेश प्रवासाची पॉलिसी मुख्यतः औषधोपचारासाठी रचलेली असते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे. तो घेतला की विमा झाला असे अनेकांना वाटते. पण व्हिसाच्या कागदांसाठी घेतलेल्या स्वस्त पॉलिसीत सहल रद्द झाल्याची भरपाई असेलच असे नाही, आणि असली तरी तिची मर्यादा तुमच्या ८ लाखांच्या जवळपासही नसू शकते. पॉलिसीच्या तक्त्यात ‘सहल रद्द होणे’ या शब्दांपुढे कोणता आकडा आहे तो पाहावा.

दुसरी अडचण मुदतीची. काही योजनांत प्रवासाच्या ठराविक दिवस आधीपासूनच पॉलिसी दिली जाते. पंधरा महिने आधी ती मागितली तर मिळत नाही. मग काय करावे? आमच्या मते चार उपाय आहेत. पहिला, विसार परत मिळणारे भाडे निवडावे, ते थोडे महाग असले तरी. फरकाची रक्कम हाच त्या महिन्यांचा विमा समजावा. दुसरा, विसारापेक्षा एक रुपयाही जास्त आधी भरू नये. आगाऊ पूर्ण भरण्यावर मिळणाऱ्या छोट्या सवलतीचा मोह टाळावा. तिसरा, विमा कंपनीला लेखी विचारावे की पॉलिसी सर्वांत लवकर कोणत्या तारखेला मिळेल, आणि ती तारीख वहीतली पाचवी तारीख म्हणून नोंदवावी. चौथा, पूर्ण रक्कम भरण्याची तारीख त्यानंतर येईल अशीच सहल निवडावी.

हप्त्याबाबत कायदाही ध्यानात ठेवावा. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी सांगते की हप्ता आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम पत्करायची नाही. ‘पॉलिसी करून टाकतो, पैसे नंतर द्या’ असे एजंट म्हणाला तर ते सौजन्य तुमच्या कामाचे नाही. पैसे पोहोचले आणि पॉलिसी हातात आली, तेव्हाच विमा झाला.

कोणत्या कारणाला पैसे मिळतात

सहल रद्द केली म्हणजे पैसे मिळाले, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. पॉलिसीत लिहिलेल्या कारणांनाच पैसे मिळतात. साधारणपणे त्यात प्रवाशाचा किंवा सोबतच्या प्रवाशाचा गंभीर आजार, अपघात, मृत्यू. घरी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार. घर राहण्यास अयोग्य होण्याइतकी आग किंवा पूर, अशी कारणे असतात. ‘जवळचा नातेवाईक’ कोण याची यादीही पॉलिसीत असते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या चुलत्याला आपण वडिलांसारखे मानतो, पण पॉलिसी मानतेच असे नाही.

व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे हे की धंद्यातील अडचण बहुधा या यादीत नसते. मोठी ऑर्डर आली, भरवशाचा कारागीर सोडून गेला, सूत महागले, करखात्याची नोटीस आली, भागीदाराशी बिनसले, यांपैकी कशालाही पैसे मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. अमेरिकन पॉलिसींत नोकरी गेल्यास भरपाई देणारे कलम आढळते, पण ते पगारदारासाठी असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला त्याचा उपयोग सहसा होत नाही.

व्हिसा नाकारला जाणे हे कारणही बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. काही योजनांत त्यासाठी वेगळे कलम मिळते. मन बदलले, जाण्याची भीती वाटू लागली, ही कारणेही बाहेर. तारखांचा गोंधळ हा तर सर्वस्वी आपला. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. या वर्षी मोकळा असलेला आठवडा पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी रमजानच्या बाजाराशी किंवा ईदशी येऊन भिडू शकतो. कापड, पादत्राणे, अत्तर, मिठाई यांच्या दुकानदाराने तर नोंदणीपूर्वी पुढच्या दोन्ही वर्षांची दिनदर्शिका उघडलीच पाहिजे.

आजार लपवू नका

मधुमेह, रक्तदाब, हृदयाची शस्त्रक्रिया या गोष्टी अर्जात लिहिल्या तर हप्ता वाढेल म्हणून एजंटच काही वेळा ‘लिहू नका’ असे सुचवतो. हा सल्ला ऐकू नये. विमा हा परिपूर्ण सद्‌भावनेचा करार मानला जातो. सागरी विम्याच्या व्यवहारात शेकडो वर्षे घडत आलेले हे तत्त्व भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही स्पष्ट लिहिलेले आहे, आणि प्रवास विम्यालाही तीच कसोटी लागते. विमा देणारा तुमच्या शब्दावर किंमत ठरवतो. शब्द खोटा निघाला तर करारच मोडतो. हप्त्यात वाचवलेल्या दोन-चार हजारांसाठी लाखोंचा दावा गमावणे परवडणारे नाही.

त्यातही आधी केलेल्या नोंदणीत एक बारकावा आहे. पंधरा महिन्यांत प्रकृती बदलते. पॉलिसी घेतल्यानंतर वडिलांना नवा आजार निघाला, तर तो कंपनीला कळवायचा की नाही, हे पॉलिसीच्या शर्तींत पाहावे. ब्रिटनमधील अनेक पॉलिसींत प्रकृतीतील असा बदल कळवावा लागतो. आणि घरी राहणाऱ्या आईच्या जुन्या आजारामुळे सहल रद्द करावी लागली, तर तिचा तो जुना आजारही तपासला जातो, ती प्रवासी नसली तरी.

कंपनीच बुडाली तर

हा काल्पनिक धोका नाही. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून जलेश क्रूझेसची ‘कर्णिका’ ही बोट मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. कोरोनाच्या काळात धंदा थांबला, ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनी बंद पडली आणि ती बोट अलंगला भंगारात गेली. जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधील क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस ही कंपनी बुडाली. जानेवारी २०२२ मध्ये ड्रीम क्रूझेसची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. त्याहून विलक्षण प्रकार २०२३ चा. तीन वर्षांच्या जगप्रदक्षिणेची तिकिटे कित्येक महिने आधी विकली गेली. बोट १ नोव्हेंबरला इस्तंबूलहून निघायची होती. पण आयोजकांना बोट विकतच घेता आली नाही आणि त्याच महिन्यात सगळी सहल रद्द झाली. काही प्रवाशांनी त्या भरवशावर राहती घरे सोडली होती.

अशा वेळी उपयोगी पडते ते कंपनीच्या दिवाळखोरीचे कलम. ते प्रत्येक पॉलिसीत नसते. असले तरी पॉलिसी सुरू झाल्यावर दहा-पंधरा दिवस ते लागू होत नाही, आणि लवकर पॉलिसी घेणाऱ्यालाच मिळते. क्रूझ कंपनी तिकिटासोबत स्वतःचीच विमा योजना विकत असेल तर ती घेण्यापूर्वी विचार करावा. ज्याचे जहाज बुडण्याची भीती, त्याच्याच होडीत बसून किनारा गाठण्याचा हा प्रकार ठरू शकतो, कारण अशा योजनांत त्या कंपनीच्या दिवाळखोरीला बहुधा संरक्षण नसते. मधल्या एजंटानेच पैसे खाल्ले तर ते या कलमात सहसा बसत नाही. म्हणून पैसे शक्यतो थेट क्रूझ कंपनीच्या नावे भरावेत, आणि एजंटाकडून कंपनीचा नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्यावी.

आग लागल्यावर विमा मिळत नाही

गोदामाला आग लागल्यावर कोणी आगीचा विमा देत नाही. प्रवास विम्यातही हाच नियम आहे. एखादे संकट सर्वांना ठाऊक झाले की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ते संकट धरले जात नाही. जानेवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेतील अनेक विमा कंपन्यांनी कोरोनाची साथ आता सर्वज्ञात झाल्याचे जाहीर केले. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ या बोटीवर ३,७११ माणसे अडकली, ७०० हून अधिक जणांना लागण झाली. त्या बोटीवर १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ जण कर्मचारी होते. ती बातमी पाहून विमा घ्यायला धावलेल्यांना उशीर झाला होता. शिवाय अनेक जुन्या पॉलिसींत साथीचे रोगच वगळलेले होते.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हाही असेच झाले. क्रूझ कंपन्यांनी बोटींचे मार्ग बदलले, काही बोटी आफ्रिकेला वळसा घालून नेल्या. आधीच्या वर्षी सुएझ कालवा पाहण्यासाठी तिकीट काढणाऱ्याला सुएझ दिसला नाही. पण तिकिटाच्या करारात मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो, आणि युद्धाची जोखीम बहुतेक पॉलिसी वगळतात. एखादे बंदर चुकले तर मिळाली तरी नाममात्र भरपाई मिळते. म्हणून एकाच बंदरासाठी संपूर्ण सहल निवडू नये.

बोटीवर चढल्यानंतर

आपला नेहमीचा मेडिक्लेम साधारणपणे देशाबाहेर चालत नाही. बोटीवरील डॉक्टर मोफत नसतो. त्याचे बिल खोलीच्या खात्यावर चढते आणि उतरताना भरावे लागते, भरपाई नंतर मागायची. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा दुसऱ्या जहाजाने किनाऱ्यावर न्यावे लागले तर तो खर्च कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत खाऊ शकतो. म्हणून पॉलिसी क्रूझला लागू आहे का आणि समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च तीत आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय हप्ता भरू नये. काही देशांत क्रूझसाठी वेगळी जोड घ्यावी लागते.

मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपची सहल देशांतर्गत आहे. तिला परदेश प्रवासाची पॉलिसी लागू नाही, देशांतर्गत प्रवासाची वेगळी घ्यावी. आणि बोट कोणासाठी थांबत नाही. विमान उशिरा पोहोचले तर विमा काही भरपाई देईल, पण गेलेली बोट परत आणणार नाही. बंदराच्या गावी एक दिवस आधी पोहोचावे. एका रात्रीचे हॉटेल हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

दावा करताना

सहल रद्द करण्याची वेळ आलीच, तर सर्वांत आधी क्रूझ कंपनीला लेखी कळवावे, त्याच दिवशी. कारण कपात दिवसागणिक वाढते आणि कारण घडले त्या दिवशी जेवढे बुडत होते तेवढ्याचाच हिशेब विमा कंपनी धरू शकते. ‘बरे वाटेल, बघू’ म्हणून काढलेले पंधरा दिवस आपल्या खिशातून जातात. डॉक्टरचा दाखला प्रवास करू नये असे स्पष्ट म्हणणारा असावा. रद्द केल्याची पावती, कंपनीने किती परत दिले याचा कागद, भरलेल्या पैशांच्या पावत्या एका फायलीत ठेवाव्यात. क्रूझ कंपनीने रोख परत न देता पुढच्या सहलीची पत देऊ केली तर ती स्वीकारण्यापूर्वी विमा कंपनीला विचारावे. पत स्वीकारली म्हणजे नुकसान झालेच नाही, असे बहुतेक विमा कंपन्या धरतात.

भारतातील विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. त्याची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत, शुल्क नाही, वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

क्रूझला जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. वर्षभर मागावर बसणाऱ्याने किंवा गल्ल्यावर बसणाऱ्याने आठ दिवस समुद्र पाहावा, आईवडिलांना दाखवावा. फक्त विसाराचे पैसे मोजण्यापूर्वी एजंटाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : विसार परत मिळतो का, पूर्ण रक्कम कोणत्या तारखेला भरायची, आणि कोणत्या तारखेला रद्द केले तर किती कापणार. तो कागद घेऊन त्याच आठवड्यात विमा कंपनीकडे जावे. एजंट तो कागद देत नसेल, तर पैसेही देऊ नयेत.